चेंडू डोळ्यांच्या वर : क्लॅरी ग्रिमेट, विजय हजारे आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमची गच्ची

सुरसागर

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस मनात घोळत होता. काल संध्याकाळी भाचीला गच्चीवर गोलंदाजी करताना पाहिलं आणि आज लिहायला बसलो.

भाची तेरा वर्षांची आहे, लेगस्पिन टाकते, म्हणजे मनगटानं वळवलेली, उजव्या फलंदाजापासून बाहेर जाणारी फिरकी. दीड वर्षापूर्वी तिच्या हातातून चेंडू सुटला की फर्र असा आवाज यायचा. चेंडू वर जायचा, क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा आणि मग झपकन खाली यायचा. नंतर ती एका शिबिरात जाऊ लागली. कुठल्या ते सोडा, तक्रार एका ठिकाणाबद्दल नाही. तिथे तिला सांगितलं, वर टाकलास की मार पडतो, जोरात आणि सपाट टाक. चार महिन्यांत चेंडू सरळ झाला. अनामिकेच्या पेरावर शिवणीनं घासून झालेला घट्टा होता, तोही मऊ पडला. घट्टा गेला हे मला तिच्या हातावर मोदकाची पारी ठेवताना कळलं, आणि पोटात कालवलं.

कारण माझंही असंच झालं होतं. सतराव्या वर्षी क्लबच्या सामन्यात एका षटकात दोन षटकार बसले. आमचे तेव्हाचे सर सीमारेषेवरून ओरडले, सगळ्यांसमोर. त्यानंतर वीस वर्षं मी क्लब क्रिकेट खेळलो, पण तसा चेंडू पुन्हा वर सोडला नाही. धावा कमी दिल्या, विकेटही कमी घेतल्या. कुणी नाव ठेवलं नाही आणि कुणाला मी आठवतही नाही.

आता ज्या माणसासाठी हा धागा काढला त्याच्याबद्दल. क्लॅरी ग्रिमेट, ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर. कसोटीत २०० बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज. ३७ कसोटींत २१६ बळी. पहिली कसोटी मिळाली फेब्रुवारी १९२५ मध्ये, सिडनीला, इंग्लंडविरुद्ध. तेव्हा वय ३३. ज्या वयात आपल्याकडे माणसाला निवृत्तीचं विचारतात त्या वयात हा आला आणि पहिल्याच सामन्यात ११ बळी घेऊन गेला. १९३५-३६ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात पाच कसोटींत ४४ बळी घेतले, शेवटच्या डरबनच्या कसोटीत एकट्यानं १३. आणि त्यानंतर त्याला कसोटी संघात पुन्हा कधीच घेतलं नाही. वय झालं म्हणून असेल, पण ४४ बळींनंतर वय मोजायचं कशाला, हे मला आजही पटत नाही.

पण मला सांगायचंय ते आकड्यांचं नाही. हा माणूस खेळत असतानाच लिहायला लागला. १९३० मध्ये त्याचं फिरकीवरचं पहिलं पुस्तक आलं, १९३४ मध्ये दुसरं. म्हणजे कसोटी खेळत असताना, ज्यांना बाद करायचं तेच फलंदाज ते वाचू शकत असताना, त्यानं आपली विद्या छापून टाकली. आपल्याकडे उस्ताद लोक एखादी चीज मुलालासुद्धा शेवटपर्यंत देत नसत, असं ऐकत आलोय. याला वाटलं, सांगितल्यानं विद्या जात नाही. सांगूनही ती हातात यायला बारा वर्षं लागतातच.

म्हातारपणची एक गोष्ट ॲशली मॅलेटनं स्वतः लिहून ठेवली आहे. मॅलेट ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर, म्हणजे बोटांनी चेंडू उलट बाजूला, आत वळवणारा. १९६७ च्या सुमाराला तो विशीत होता, पर्थला राहायचा. चेंडू छान वळायचा पण बळी मिळत नव्हते. म्हणून तो रेल्वेनं अख्खं वाळवंट ओलांडून ॲडिलेडला ग्रिमेटच्या घरी गेला. ग्रिमेटनं पंचाहत्तरी गाठलेली. घराच्या मागे खेळपट्टी होती. म्हातारबुवांनी बॅट घेतली, पहिला चेंडू मधोमध खेळला आणि म्हणाले, पोरा, गोलंदाजी सोड, फलंदाज हो. तुला मी डोळे बांधूनसुद्धा खेळेन. मॅलेटच्या खिशात रुमाल होता. तो चष्म्यावरून बांधला आणि पुढचाही चेंडू बॅटच्या मधोमध लागला.

का? मॅलेटचा प्रत्येक चेंडू एकाच रेषेत, फलंदाजाच्या डोळ्यांच्या पातळीखालून यायचा. सुतावरून ओढत आणल्यासारखा. तो कुठे पडणार हे न बघताही कळतं. ग्रिमेटनं त्याला सांगितलं ते इतकंच: चेंडू डोळ्यांच्या वर गेला पाहिजे. फलंदाजाला नजर वर करावी लागली की टप्प्याचा अंदाज चुकतो. त्यात चेंडूला पुढच्या दिशेची भिरकी असली तर तो वाटतो त्याच्या अलीकडेच पडतो. फलंदाज पुढे झुकलेला असतो आणि चेंडू अजून आलेला नसतो.

हाच मॅलेट १९६९-७० ला भारतात आला. पाच कसोटींत २८ बळी, मद्रासच्या एका सामन्यात १०. आपल्या देशात, आपल्या खेळपट्ट्यांवर, आपल्याच फलंदाजांना. पुढे तो पत्रकार झाला, चरित्रं लिहिली, त्यात ग्रिमेटचंही लिहिलं, आणि शेवटपर्यंत फिरकी शिकवत राहिला. २०२१ मध्ये गेला.

यात बडोदं कुठे आलं? इथे आलं. हाच ग्रिमेट १९३० च्या दशकाच्या शेवटी एका मराठी संस्थानिकाच्या बोलावण्यावरून भारतात आला होता, आणि इथे त्यानं एका सांगलीच्या मुलाला शिकवलं. तो मुलगा म्हणजे विजय हजारे. हजाऱ्यांची उभं राहायची ढब पुस्तकात बसणारी नव्हती. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये अडकवल्यासारखी, दांड्यावर दोन हातांत अंतर. दुसऱ्या कुणीही आधी हात जवळ घ्यायला लावले असते. ग्रिमेटनं त्याला हात लावला नाही.

मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. एकाला त्यानं डोळे बांधून दाखवलं की तुझं मुळात चुकतंय. दुसऱ्याला सांगितलं, तुझं वेगळं आहे पण चुकीचं नाही, राहू दे. कुठे बदलायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे ज्याला कळतं तो गुरू. भाचीच्या बाबतीत बरोबर ह्याच्या उलट झालं.

हजारे पुढे बडोद्याचे झाले. आधी महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ केल्या होत्या! जानेवारी १९४८ मध्ये ॲडिलेडला, म्हणजे ग्रिमेटच्याच गावात, लिंडवॉल-मिलर या ऑस्ट्रेलियाच्या वेगवान जोडीसमोर त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात आपल्या संघाच्या एकूण धावा २७७.

आता आमच्या गच्चीवर काय चाललंय ते सांगतो. कपडे वाळत घालायची दोरी आहे ना, ती मी आडवी बांधली आहे. भाचीनं चेंडू दोरीच्या वरून काढायचा आणि पलीकडे खडूनं आखलेल्या चौकोनात पाडायचा. पहिल्या दिवशी साठातले चार पडले. फर्र आवाज अजून आलेला नाही. तुमचे अनुभव असतील तर जरूर लिहा.

---

रावपुरा_टॉवर

दादा, सकाळी उठल्या उठल्या वाचलं. आमच्या घरी हजारे म्हणजे देव. आजोबांनी मार्च १९४७ ची रणजी अंतिम लढत पाहिली होती, बडोदे विरुद्ध इंदूरचा होळकर संघ, इथेच. गुल महंमद ३१९, हजारे २८८, चौथ्या जोडीला ५७७ धावा. आजोबा सांगायचे, दुसऱ्या दिवशी लोक डबा घेऊनच गेले, कारण कुणी बाद होणार नाही याची खात्रीच झाली होती.

ग्रिमेटबद्दल थोडी भर घालतो. तो जन्मानं ऑस्ट्रेलियन नव्हे, न्यूझीलंडचा, १८९१ चा. तिथून सिडनी, मग मेलबर्न, आणि १९२४ मध्ये ॲडिलेड. इतकी गावं बदलली ती खेळायला मिळावं म्हणून. पोटापाण्याचा धंदा पाट्या रंगवायचा. मी स्वतः वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता फ्लेक्स आल्यापासून बंद आहे, म्हणून हे मला जवळचं वाटतं. पाटीवर अक्षर काढताना ब्रश बोटांत फिरवावा लागतो. 'क' ची गोलाई मनगटानं येत नाही, अंगठा आणि दोन बोटांत दांडी हलकेच वळवली तर येते. जोर दिला की रंग ओघळतो. या माणसाच्या बोटांना काय कळत असेल ते मला न पाहता कळतं.

त्याच्या कुत्र्याची गोष्ट पण प्रसिद्ध आहे. घरामागे एकटाच सराव करायचा आणि चेंडू आणून द्यायला फॉक्स टेरियर जातीचा कुत्रा शिकवून ठेवला होता. तिकडे तेव्हा षटक आठ चेंडूंचं. कुत्रा आठही चेंडू पडेपर्यंत बसून राहायचा, मग उठायचा.

---

तिसरापंच

लेख चांगला आहे, पण मी थोडं वेगळं मांडतो. राग मानू नये.

मी चौदा वर्षांखालच्या मुलांचे सामने बघतो, स्कोअरिंगला बसतो. वीस षटकांचा सामना, मैदान लहान, बॅटी जाड. एखाद्या मुलानं तुम्ही म्हणता तसा चेंडू वर सोडला आणि षटकात सोळा गेल्या, तर कर्णधार त्याला परत चेंडू देत नाही. निवड समितीच्या कागदावर '२ षटकं, २५ धावा' एवढंच राहतं. चेंडू किती वळला हे कुणी लिहीत नाही. आईबाप महिन्याला फी भरतात, रिक्षाचे पैसे वेगळे. शिबिरातले सर सपाट टाक म्हणतात ते त्या मुलीला संघात ठेवण्यासाठीच म्हणत असतील. ग्रिमेटच्या काळी कसोटी कित्येक दिवस चालायची. गच्चीवर दोरी बांधणं सोपं आहे, पण शनिवारी सामना खेळायचा त्या मुलीला.

---

सुरसागर

तिसरापंच, राग कसला. तुम्ही जे लिहिलंय ते खरं आहे. '२ षटकं, २५ धावा' हे वाचून थांबलोच. माझ्या बहिणीची चिंता नेमकी हीच आहे.

पण एक गोष्ट मी वर नीट लिहिली नाही, ती माझी चूक. चेंडू वर सोडणं म्हणजे धावा वाटणं नव्हे. ग्रिमेट हा जगातल्या सगळ्यात कंजूष लेगस्पिनरांपैकी होता. टप्पा अचूक, आणि गुगली, म्हणजे लेगस्पिनसारखा दिसून उलट वळणारा चेंडू, तर क्वचितच टाकायचा. त्याची मदार वेग बदलण्यावर आणि चेंडू किती आधी खाली आणायचा यावर होती. उंची दिली तरी चेंडू त्याच ठिकाणी पडला पाहिजे, हीच तर मेहनत. आमच्या दोरीपलीकडे खडूचा चौकोन आहे तो याचसाठी. दोरीवरून गेला आणि चौकोनाबाहेर पडला तर तो मोजायचा नाही.

आणि धीर किती, तर फ्लिपर नावाचा चेंडू त्यानं शोधला. अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्यात चेंडू दाबून चुटकी वाजवल्यासारखा सोडायचा. त्याला उलटी भिरकी मिळते, म्हणून तो टप्पा पडल्यावर उसळत नाही, खाली राहून सरपटत येतो. वर्षानुवर्षं सराव केल्यावरच त्यानं तो सामन्यात काढला. फलंदाज चुटकीच्या आवाजावरून ओळखायला लागले, तर हा साधे चेंडू टाकताना डाव्या हातानं चुटकी वाजवू लागला, असं सांगतात. पुढे तोच चेंडू ऑस्ट्रेलियाच्याच ब्रूस डूलंडकडे गेला, डूलंडनं तो त्यांच्याच लेगस्पिनर रिची बेनोला शिकवला. बेनोही पुढे लेखकच झाला, बघा.

तेराव्या वर्षी संघात राहण्यासाठी सपाट टाकायला शिकलेली मुलगी अठराव्या वर्षी काय टाकेल? तेव्हा तिच्याहून जोरात टाकणाऱ्या पन्नास असतील. मी स्वतः त्या पन्नासातला एक होतो. म्हणून शनिवारच्या सामन्याचा हिशेब मला पटतो, पण तो पुरेसा वाटत नाही.

---

खंडेराव_मार्केट

वाचतोय. रावपुरा_टॉवर, पाट्यांवर वेगळा धागा काढा ना.

---

इंदूरची_लेक

माहेर इंदूर, सासर बडोदे, म्हणून ५७७ च्या गोष्टीत मला कुणाची बाजू घ्यावी ते अजून कळत नाही! आमच्या होळकर संघात चंदू सरवटे होते. फिरकी टाकायचे, वकील होते, आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीला २४९ धावा केल्या त्याच माणसानं, सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहावा आणि अकरावा क्रमांक, दोघांचीही शतकं.

पण मला सांगायचंय ते नरेंद्र हिरवाणींचं. गोरखपूरचा मुलगा क्रिकेटसाठी इंदूरला येतो आणि संजय जगदाळे सरांच्या हाताखाली घडतो. जानेवारी १९८८, मद्रासचं चेपॉक मैदान, वय १९, पहिलीच कसोटी, समोर रिचर्ड्सचा वेस्ट इंडीज. ६१ धावांत ८ आणि ७५ धावांत ८. पदार्पणात १६ बळी, १३६ धावांत. आमच्या गल्लीत त्या दिवशी सगळ्या मुलांनी लेगब्रेक टाकायला सुरुवात केली होती, मी पण, फ्रॉकवर.

आता सुरसागर, तुमच्या मुद्द्याला सगळ्यात मोठा पुरावा इथे आहे. त्या सामन्यात यष्ट्यांमागे तुमच्या बडोद्याचे किरण मोरे होते. सहा यष्टिचीत, त्यातले पाच एकाच डावात. खेळपट्टी वळत होती हे खरं, ते नाकारायचं कारण नाही. पण यष्टिचीत म्हणजे काय? फलंदाज चेंडूपर्यंत पोचू म्हणून पुढे गेला आणि पोचला नाही. सपाट चेंडूवर फलंदाज पुढे जातोच कशाला? इंदूरच्या लेगस्पिनरनं हवेत सोडायचं आणि बडोद्याच्या कीपरनं बेल्स उडवायच्या. माझ्या दोन्ही घरांनी मिळून केलेला एवढा एकच पराक्रम मला माहीत आहे.

हिरवाणी सर पुढे शिकवण्याकडेच वळले. लहान मुलीला शिकवत असाल तर तो सामना तिला दाखवा. चेंडू हातातून सुटल्यावर किती वर असतो ते बघायला सांगा, विकेट नंतर बघू दे.

---

गोरेगाव_लोकल

पद्माकर शिवलकरांचं नाव इथे आलंच पाहिजे. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, एकही कसोटी नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध चेपॉकला एका डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. तेही शिकवायचे, त्यांनीही आत्मचरित्र लिहिलं, आणि गायचे सुद्धा. मार्च २०२५ मध्ये गेले. मी लहान असताना शिवाजी पार्कात जाळीबाहेर उभा राहून त्यांना शिकवताना पाहिलंय. खूप कमी बोलत. मुलानं चेंडू टाकला की हातानं नुसतं दाखवत, इथून, इथून.

---

तिसरापंच

इंदूरची_लेक यांचा यष्टिचीतचा मुद्दा पटला. माझ्या स्कोअरबुकात या हंगामातल्या नोंदी काढून पाहिल्या. अकरा सामन्यांत यष्टिचीत शून्य. एकही नाही. हे मी आजवर मोजलंच नव्हतं. कीपर मुलं पण मग स्टंपजवळ उभी राहायला कशी शिकणार?

माझं म्हणणं मागे घेत नाही, शनिवारचा सामना शनिवारीच असतो. पण पुढच्या हंगामापासून वहीत एक रकाना वाढवतो, फलंदाज पुढे येऊन चुकला तर त्याची खूण. बाद झाला नाही तरी.

---

सुरसागर

तिसरापंच, त्या रकान्याचं वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. कृपा करून नक्की करा. कुणीतरी ते लिहून ठेवलं तर एखाद्या मुलाला '२ षटकं, २५ धावा' च्या पुढे काहीतरी दाखवता येईल.

---

आजवा_रोड

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला लेगस्पिन शिकायचंय. तो हट्टानं गुगलीच टाकतो. आणि बोटाची कातडी फाटते, रात्री रडतो. काय करावं? आणि काका, ती दोरी नेमकी कुठे आणि किती उंच बांधायची ते सांगाल का? आमच्याकडे गच्ची आहे पण लहान आहे.

---

सुरसागर

ताई, मी काही मोठा प्रशिक्षक नाही, जे करतोय तेवढं सांगतो.

गुगली आत्ता नको. मनगट त्या बाजूला एकदा वळायला लागलं की साधा लेगब्रेक हरवतो, आणि तो परत आणणं फार कठीण जातं. दोन वर्षं नुसता लेगब्रेक. मुलाला वाईट वाटेल, पण ग्रिमेट कसा थांबला ते सांगा.

कातडी फाटली की दोन दिवस चेंडू बंद. नंतर टेनिसचा चेंडू किंवा लहान लेदरचा चेंडू द्या. दहा वर्षांच्या हाताला पूर्ण आकाराचा चेंडू मोठा होतो, मग मूठ घट्ट होते आणि शिवण एकाच जागी घासते. पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, तिसरं दुमडून बाजूला टेकलेलं, अंगठा नुसता आधाराला. चेंडू सोडताना तिसऱ्या बोटानं जोर द्यायचा, दाराची कडी वर उचलतो तसा. रात्री झोपताना बोटाला खोबरेल लावा. गच्ची लहान असेल तर गुडघ्यावर बसून पाच-सहा पावलांवरून टाकू दे, त्यात पळणं नसतं, नुसतं मनगट आणि बोटं.

दोरीचं असं. फलंदाज उभा राहतो तिथून आमच्या गच्चीवर साधारण निम्म्या अंतरावर बांधली आहे. उंची आकड्यात सांगत नाही, कारण ती मुलाच्या उंचीवर आहे. समोर फलंदाजाच्या जागी कुणाला तरी उभं करा, त्याच्या डोळ्यांवरून हात आडवा धरा, त्याहून वीतभर वर. आमच्याकडे भाचीची आजी उभी राहिली होती. एका टोकाला पाण्याच्या टाकीचा पाइप, दुसऱ्या टोकाला कठड्यात ठोकलेला खिळा. दोरीवर अजून उत्तरायणातला मांजा गुंडाळलेला आहे, तो आधी सोडवून घ्या, आमच्या भाचीचा हात कापला होता.

काल साठातले एकोणीस पडले. फर्र आवाज दोनदा आला, एकदा मला ऐकू आला, एकदा फक्त तिला. तिनं विचारलं, मामा, दोरी एक वीत वर घेऊया का? मी म्हटलं, पंचवीस पडले की घेऊ.

उद्या सकाळी साडेसहाला परत. आईला सांगून ठेवलंय, चादरी दुपारी वाळत घाल.